जीर्णोद्धार आणि वस्तूची ओळख

उन्हाळ्यात पारा अनेकदा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या सोलापुरात १९८०च्या दशकातील मोटारीचा जीर्णोद्धार करताना वातानुकूलन यंत्रणेचा प्रश्न टाळता येत नाही, आणि भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का, हा तात्त्विक प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. त्या काळच्या यंत्रणेत आर-१२ हा ओझोनच्या थराला हानी पोचवणारा शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा पदार्थ, वापरला जाई. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी येणारा आर-१३४ए जुन्या खनिज तेलात मिसळत नसल्याने कॉम्प्रेसरचे तेल, रबरी ओ-रिंगा आणि ओलावा शोषणारा ड्रायर हेही सहसा बदलावे लागतात.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतात, की रथ हे चाके, आस, जू इत्यादींच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे. न्याय-वैशेषिक मत मात्र अवयवी, म्हणजे भागांहून भिन्न अशी समग्र वस्तू, मानते. तरीही एखादा अवयव निघताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असे त्याचे काटेकोर प्रतिपादन आहे.

दोन्ही मतांनुसार काटेकोर अर्थाने तीच मोटार उरत नाही. टिकते ती रचना आणि प्रयोजन यांची सलगता. म्हणून मूळ भागांचा हट्ट धरण्यापेक्षा केलेले बदल नोंदवून ठेवणे आणि जुना शीतक हवेत न सोडता गोळा करून घेणे अधिक प्रामाणिक ठरते.