रोग्याच्या घरचें बोलणें

छिन्नमनस्कता हा मेंदूचा विकार आहे. तो आईबापांच्या दोषानें जडत नाहीं. मग घरच्यांवर कोणतें दायित्व उरतें? औषध देत राहणें हें तर आहेच. पण लंडनमध्यें जॉर्ज ब्राउन व त्यांचे सहकारी यांनीं इस्पितळांतून घरीं गेलेल्या १०१ रोग्यांची पाहणी करून ती १९७२ सालीं प्रसिद्ध केली. जेथें दूषणें, तिरस्कार अथवा अतिकाळजी फार होती, तेथें नऊ महिन्यांत शेंकडा ५८ जणांचें दुखणें उलटलें; इतर घरीं शेंकडा १६ जणांचें. अतिकाळजी दोषांत गणलेली पाहून एखाद्या आईचें मन दुखावेल. पण, बंधुभगिनींनो, तिची प्रीति खोटी नव्हे. ती रोग्यास उसंत देत नाहीं, इतकेंच. ‘ऊठ, आळशा’ असें म्हणणाऱ्याची गोष्ट निराळी. तो रोगालाच दुर्गुण समजून त्याची शिक्षा देतो. मुकाट बसून राहणें हें पुष्कळदां त्या दुखण्याचेंच लक्षण असतें.