घड्याळासाठी लिहिलेलं संगीत

1777 च्या ऑक्टोबरात मोझार्टने आउग्सबर्गहून वडिलांना एक गंमत कळवली. पियानो आणि ऑर्गन बनवणाऱ्या श्टाइन यांना तो म्हणाला, मला तुमचा ऑर्गन वाजवायचाय. श्टाइन चकितच झाले. एवढा मोठा पियानोवादक, आणि त्याला हे वाद्य हवं, ज्यात ना मार्दव, ना भाव? मोझार्टचं म्हणणं होतं की त्याच्या लेखी ऑर्गन हाच सगळ्या वाद्यांचा राजा. हे प्रेम जुनंच. सात वर्षांचा असताना वासरबर्गच्या चर्चमध्ये वडिलांनी पायाच्या पट्ट्या कशा वाजवायच्या ते समजावलं, तर पठ्ठ्याने स्टूल बाजूला सारलं आणि उभ्यानेच वाजवायला लागला. आपल्या संगीत नाटकातली पायपेटी इथे डोळ्यांपुढे आणू नये. हा ऑर्गन म्हणजे चर्चची भिंत व्यापणारा नळ्यांचा डोलारा.

या राजासाठी त्याने काय लिहून ठेवलं, हे शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. साल्झबर्गच्या नोकरीत चर्चसाठी केलेल्या 17 छोट्या सोनाटा आहेत, पण त्यांत ऑर्गन बहुतेक ठिकाणी साथीलाच. कारण साधं आहे. तो वाजवायला बसला की तिथल्या तिथे रचत जाई. 1789 मध्ये लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये, जिथे कधीकाळी बाखने संगीताची धुरा वाहिली होती, त्याने असंच वाजवून लोकांना थक्क केलं. त्यातलं कागदावर काहीच नाही. बैठकीचं गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. हळहळ मात्र वाटते.

कागदावर उरलं ते भलत्याच कारणाने. व्हिएन्नात काउंट डाइम नावाचे गृहस्थ म्युलर हे नाव घेऊन मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय चालवत. बेलग्रेड जिंकणारा सेनापती लाउडोन 1790 च्या जुलैत वारला, तेव्हा त्यांनी त्याचं स्मारक मांडायचं ठरवलं. तिथे घड्याळाला जोडलेल्या छोट्या ऑर्गनमधून शोकसंगीत वाजायला हवं होतं. वादक नाही. खिळे ठोकलेला एक दंडगोल फिरणार, खिळा तरफ उचलणार, नळीत हवा शिरणार.

मोझार्टने काम घेतलं ते पैशासाठी. ऑक्टोबरात तो नव्या सम्राटाच्या राज्याभिषेकासाठी स्वखर्चाने फ्रँकफर्टला जाऊन राहिला होता. तिथून त्याने बायकोला लिहिलं, की रोज लिहायला बसतो आणि कंटाळून उठतो. मोठं घड्याळ असतं आणि ऑर्गनसारखं वाजलं असतं तर मजा आली असती, पण यात नुसत्या बारक्या नळ्या, त्यांचा आवाज चिरका आणि पोरकट. डेडलाइन डोक्यावर असलेल्या कुणालाही हे पत्र ओळखीचं वाटेल.

म्हणजे जिवाभावाचं होतं ते हवेत विरलं आणि नाक मुरडत केलेलं तेवढं टिकलं. यावरून कंटाळ्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. कंटाळून केलेलं बहुतेक काम कंटाळवाणंच होतं. पण त्या वर्षाअखेर पुरी झालेली ती रचना, मोझार्टच्या रचनांच्या केशेल सूचीतली 594, ऐकताना पत्रातला वैताग कुठे सापडत नाही. संथ, जड पावलांनी ती सुरू होते, मध्येच रणवाद्यांसारखी उसळते आणि पुन्हा शोकाकडे वळते.

3 मार्च 1791 ची, अशाच घड्याळासाठीची 608 क्रमांकाची रचना तर त्या नळ्यांची पर्वाच करत नाही. एफ मायनरमधला तिचा फ्यूग, म्हणजे एकच धून पाठोपाठ अनेक आवाजांत गुंफलेला भाग, इतका भरदार आहे की बेथोव्हनने तो स्वतःच्या हाताने उतरवून घेतला. तिथे मोझार्टने बहुधा मनातल्या मोठ्या ऑर्गनसाठीच लिहिलं. आज ऑर्गनवादक ती मोठ्या चर्चमध्ये वाजवतात, पण आधी त्यांना कोणता सूर कोणत्या हाताकडे आणि कोणता पायांकडे द्यायचा ते ठरवावं लागतं. खिळ्यांच्या दंडगोलाला बोटांची मर्यादा नव्हती, आणि मोझार्टने त्याचा पुरेपूर फायदा घेतलेला आहे.

जाणकार 608 ला श्रेष्ठ मानतात, ते बरोबरच. मला मात्र घड्याळासाठीच्या तिसऱ्या रचनेचं, 616 चं, जास्त अप्रूप वाटतं. 4 मे 1791 ची ही रचना छोटी आहे, एकाच मध्यम लयीची. सगळे सूर वरच्या सप्तकांत, खर्जाचा भार नाही. सात महिन्यांपूर्वी ज्या पोरकट आवाजावर तो वैतागला होता, त्याच आवाजाला शोभेल असं त्याने इथे लिहिलं. मोठ्या ऑर्गनवर ही वाजवायची तर जाड नळ्या बंद ठेवून बारक्याच उघडाव्या लागतात.