अक्षराचे पुनरुज्जीवन आणि निष्ठेचा प्रश्न

जुन्या छापील पानावरून नवा टाइप घडविणे हे वरकरणी अनुकरणाचे काम वाटते. परंतु हे अनुकरण नेमके कशाचे, असे विचारताच सौंदर्याचा प्रश्न नीतीचा होऊ लागतो. खिळ्यांच्या छपाईत एकाच अक्षराची निदान तीन रूपे संभवतात : पोलादी पंचावर कोरलेले, खिळ्यावर ओतलेले आणि शाई पसरून कागदावर उमटलेले. कारागिराचा हेतू पहिल्यात असतो. वाचकाच्या स्मृतीत राहते ते तिसरे. संहिता आणि उपलब्ध प्रत यांमध्ये पाठचिकित्सकापुढे जो पेच असतो, तोच येथे अक्षरकारापुढे असतो.

विल्यम मॉरिसने १८९०च्या सुमारास 'गोल्डन' टाइप आखला, तो निकोलस जेन्सनच्या पंधराव्या शतकातील व्हेनिसच्या छपाईची मोठी केलेली छायाचित्रे पुनःपुन्हा गिरवून. वळण हाती बसल्यावर मात्र त्याने स्वतःची अक्षरे काढली. ती जेन्सनहून जड आणि काळी आहेत. काटेकोरपणे पाहता हा मुळाशी केलेला द्रोह ठरेल; पण आपल्या काळातील फिकट, किरट्या छपाईविरुद्ध घेतलेला तो उघड पक्ष होता, आणि उघडपणामुळेच त्याला प्रामाण्य लाभते.

मराठीत पेच निराळा आहे. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या टाइपाचे वळण पुढे देवनागरी मुद्रणाचा मानदंड ठरले. त्या वळणामागचा कोरणारा हात राणोजी रावजी आरू यांचा. छापखान्याचे नाव राहिले, हाताचे मागे पडले. आज त्या पानावरून अक्षर उचलून संगणकावर त्याची कड गुळगुळीत करणारा अक्षरकार कोणाचा तरी निर्णय पुसत असतो. 'अ'च्या वळणातील किंचित बाक हा दोष की हेतू, हे एका पानावरून ठरत नाही. तोच बाक पानोपानी, प्रत्येक ठिकाणी आढळला तर तो बहुधा पंचातला. एकाच जागी दिसला तर झिजलेल्या खिळ्याचा किंवा शाईचा. एवढे कष्ट न घेता केलेली 'सुधारणा' म्हणजे अज्ञानाने केलेला प्रक्षेपच होय.

हस्तलिखिताकडे जाणाऱ्याची अडचण याहून वेगळी. 'एक टाइप'चा 'जैनी' हा फॉन्ट १५०३च्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावर आधारलेला आहे. बोरूने लिहिलेले एकच अक्षर दर खेपेस थोडे निराळे उतरते. फॉन्टला बहुधा एकच रूप निवडावे लागते. येथे काही तरी गमावणे अटळ आहे, आणि ही हानी अक्षरकाराने समजून पत्करलेली असते.

खरा आक्षेप घ्यायचा तो 'शिवकालीन' म्हणून चित्रपटांच्या फलकांवर मिरवणाऱ्या, तलवारीच्या पात्यासारख्या टोकदार देवनागरीवर. त्या काळचा मराठी दरबारी पत्रव्यवहार मोडीत चाले. बाळबोध प्रामुख्याने पोथ्यांची. तेव्हा या अक्षरांना मूळ पानच नाही, आणि जिथे मूळच नाही तिथे निष्ठाही नाही, द्रोहही नाही. मोडीला मात्र मुद्रणाचा इतिहास आहे : विल्यम केरीच्या १८१०च्या मराठी कोशासाठी सेरामपूरला मोडीचे खिळे वापरले गेले. त्या काळाच्या लेखनाशी नाते सांगू पाहणाऱ्या अक्षरकाराला तिकडे वळता येईल. पण मग फलक वाचू शकणारे प्रेक्षक थोडेच उरतील, आणि निर्मात्याला ते परवडणारे नसते.