रकान्यात न मावणारे माणूस

आरोग्यविम्याचा अर्ज भरावयास बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. ‘कुटुंबातील सदस्य’ या शीर्षकाखाली छापील रकाने होते : स्वतः, पती अथवा पत्नी, मुले, आई, वडील. आमच्या घरी रात्री जेवावयास बसणारी माणसे सहा. अर्जाच्या हिशेबाने ती पाचच भरत होती. आत्याला रकाना नव्हता. वडील अकाली गेल्यावर जिने लग्नाचा विचार बाजूस सारून वाडीचे काम अंगावर घेतले आणि आम्हां तिघा भावंडांना शिकविले, तिचे नाते बहुतेक विमा योजनांना ठाऊकच नाही. शिधापत्रिकेवर मात्र तिचे नाव आमच्याच नावाखाली आहे. शिधापत्रिका चूल पाहते, विमा रक्त आणि लग्न पाहतो. कुटुंब म्हणजे कोण, हा प्रश्न आम्हांस प्रवचनात नव्हे, तर असा एका छापील अर्जाने विचारला.

विमा उतरविणे म्हणजे देवाच्या कृपेवर अविश्वास दाखविणे, असे म्हणणारी वडीलधारी माणसे आपल्या गावांतून अजूनही भेटतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही; मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पंचमांश साठवून ठेवणाऱ्या योसेफाची तेवढी आठवण करून देतो. भारतात १९८६ साली ‘मेडिक्लेम’ सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधी, १९१८ साली, वसईच्या आमच्या समाजाने आपली सहकारी बँक उभारली. अनेकांनी थोडेथोडे घालावयाचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने घ्यावयाचे, ही रीत आपल्याला परकी नाही. असो.

विमा प्रतिनिधी ओळखीचे आणि सज्जन गृहस्थ. अर्ज पाहताच ते म्हणाले, “आईंना वेगळं काढा, हप्ता बराच उतरेल.” वाक्य सरळ होते, पण आमच्या कानांना ते टोचले. आपल्याकडे ‘वेगळे काढणे’ म्हणजे चूल वेगळी करणे. त्यांचा हिशेब असा की, सर्वांच्या सामायिक विम्यात, ज्याला ‘फ्लोटर’ म्हणतात, हप्ता ठरतो तो बहुधा सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावरून. अडुसष्ट वर्षांची आई त्यात आली की लहान मुलांसह सर्वांचाच हप्ता तिच्या वयाप्रमाणे चढतो. शिवाय दहा लाखांचे छत्र सर्वांना मिळून एकच. एका मोठ्या दुखण्यात ते संपले, तर त्या वर्षी उरलेल्यांनी पावसात उभे राहावयाचे. विचार करता त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. स्वतंत्र विमा घेतला तर आईचे छत्र नातवंडांच्या आजारपणात खर्ची पडणार नव्हते. कागदावर वेगळे काढणे हे मनातून वेगळे काढणे नव्हे, एवढे आम्ही स्वतःस समजाविले.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. स्वतःसाठी आणि मुलांसाठी आम्ही पंधरा लाखांची, खोलीच्या भाड्यावर मर्यादा नसलेली योजना निवडली. आईसाठी मात्र सर्वांत स्वस्त कागद हाती धरला. संध्याकाळी तो पुन्हा वाचला, तेव्हा स्वस्ताईचे कारण उमगले. प्रत्येक बिलाचा वीस टक्के भार आपण सोसावयाचा. म्हणजे तीन लाखांच्या बिलात साठ हजार आपले. खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच लाखांवर पाच हजार. दहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक भरून सुटका नाही; डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात निम्म्यावर येऊ शकतो. ज्यांना रुग्णालयाची गरज क्वचित पडणार, त्यांच्यासाठी आम्ही उत्तम छत्री घेतली होती आणि जिला ती नक्की लागणार, तिच्यासाठी भोके असलेली. ही निवड करताना आमच्या मनात वाईट हेतू मुळीच नव्हता, हेच आम्हांस अधिक लाजिरवाणे वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही आमची योजना दहा लाखांवर आणली आणि वाचलेले पैसे आईच्या हप्त्यात घातले.

मग आजारांचा रकाना आला. आईला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. प्रतिनिधी आवाज उतरवून म्हणाले, “लिहिलंच पाहिजे असं नाही. पाच वर्षं नीट गेली की कंपनी काही उकरून काढत नाही.” यात अर्धे सत्य होते. २०२४ च्या नियमांनुसार सलग पाच वर्षे विमा चालू राहिल्यावर माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही; अपवाद एकच, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पण ठरवून दडविणे ही फसवणूक नव्हे काय? १७६६ साली इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांनी विम्याच्या एका खटल्यात सांगून ठेवले की, हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या परम सद्भावावर उभा आहे. कंपन्या तो नेहमी पाळतात, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. त्यांची बारीक अक्षरे पाहिली की त्यांचा सद्भावही भिंगातूनच शोधावा लागतो. तरीही प्रश्न उरतोच. कंपनीला चेहरा नाही, म्हणून तिच्यापुढे खोटे लिहिताना हात थरथरत नाही. परंतु दाव्याचा पैसा येतो तो हप्त्यांच्या सामायिक राशीतून. नांदेडच्या कुणा शिक्षकाने आपला रक्तदाब प्रामाणिकपणे लिहिला, चढा हप्ता स्वीकारला आणि तो मुकाट्याने प्रतीक्षाकाळ मोजतो आहे. आमचे मौन हात घालणार ते त्याच्या खिशात. आणि खरे लिहिण्याची किंमत तरी किती? हप्ता थोडा चढतो, कधी नकारही येतो. पण आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही.

आमचे हे चिंतन लांबत चालले होते. आईने चष्मा लावून रकाना पाहिला आणि विचारले, “साखर नाही असं लिहून दिलं, तर गोळ्या कुणाच्या नावावर आणायच्या?” रकाना भरला गेला.

राहिली आत्या. तिचे वय सदुसष्ट, सहा वर्षांपूर्वी बायपास झालेली. पासष्टीनंतर नवा विमा नाही, ही अट २०२४ साली उठली. तथापि, प्रत्येकाला स्वीकारण्याचे बंधन काही कंपन्यांवर आले नाही. तिच्या नावाने केलेले दोन अर्ज दोन ठिकाणांहून नम्र भाषेत परत आले. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे खरा, पण तो ठरलेल्या उपचारांपुरता आणि यादीतील रुग्णालयांपुरता. शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्य आम्हांस त्या दिवसांत वारंवार आठवला. त्याने धर्मशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परतताना देईन, असे सांगितले. जखमी माणसाशी नाते काय, हा रकाना त्याच्याकडे नव्हता आणि रकमेला वरची मर्यादाही नव्हती. एवढे औदार्य आमच्या मिळकतीला झेपणारे नाही, हे येथे कबूल करतो. आम्ही भावंडांनी मिळून आत्याच्या नावे बँकेत खाते उघडले आणि दरमहा प्रत्येकाने ठरावीक रक्कम त्यात घालावी, असे ठरविले. हा विमा नव्हे. मोठे दुखणे आले तर ते पैसे चार दिवसही पुरणार नाहीत. पुढचे त्या वेळी पाहावे लागेल आणि त्यासाठी कदाचित वाडीचा तुकडाही विकावा लागेल, हे आम्ही तिघांनी मोकळेपणाने बोलून घेतले आहे.

आत्याला यातले काही सांगितले नव्हते. गेल्या महिन्यात कपाट आवरताना पासबुक तिच्या हाती लागले. आपले नाव वाचून तिने ते दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “यातून धाकट्याची फी भरता येईल का रे?”