सुगंध किती वेळ टिकतो?



आज झावळ्यांचा रविवार. प्रायश्चित्तकाळ संपत आला आणि घराघरांत लग्नांची बोलणी सुरू झाली आहेत. गेल्या आठवड्यात युवकांच्या सभेत लग्नाच्या तयारीवरून गप्पा निघाल्या, तेव्हा एका मुलाने मला सरळच विचारले, "फादर, सेंट मारून घरातून निघतो, पण चर्चच्या फाटकापर्यंत वास उडून गेलेला असतो. तो टिकवायचा कसा?" बाकीची मुले हसली. मला मात्र प्रश्न आवडला. एक तर त्याला उत्तर आहे, आणि दुसरे म्हणजे उद्या, पवित्र सप्ताहातील सोमवारच्या मिस्सेत वाचले जाणारे शुभवर्तमान याच विषयाचे आहे.

आधी उत्तर देतो, नाहीतर मुले म्हणतील फादरांनी प्रश्न टाळला.

आपण ज्याला कोलोन म्हणतो त्यात सुगंधी तेलाचा अंश साधारण दोन ते पाच टक्केच असतो. बाकी बहुतेक अल्कोहोल. शहापूर-मुरबाडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात अल्कोहोल उडायला कितीसा वेळ लागणार? जाताना लिंबू-संत्र्यासारखा हलका वास तो बरोबर घेऊन जातो. चंदन, ऊद, वाळा यांचे वास जड असतात, ते मागे राहतात. कोरड्या कातडीवर काहीच धरत नाही. म्हणून आंघोळ करून अंग नीट पुसावे, मनगटाला, कोपराच्या खोबणीत, मानेला खोबरेल किंवा व्हॅसलिनचे एक बोट लावावे आणि त्यावर सेंट लावावे. तेल वासाला धरून ठेवते. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. घासल्याने ऊब येते आणि हलका वास आणखी लवकर पळतो. सुती कपड्यावर आणि केसांवर वास कातडीपेक्षा जास्त वेळ राहतो, पण पांढऱ्या झग्यावर डाग पडतात, तेव्हा पहिल्या कम्युनियनच्या मुलींच्या आयांनी जपावे. बाटली खिडकीत किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नये, कपाटात ठेवावी.

आपल्या आजोबांना यातले बरेच ठाऊक होते. ते अत्तराचा फाया कानाच्या पाळीत ठेवत. जुन्या पद्धतीचे कनोजी अत्तर आजही फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून करतात. फुलाचा वास क्षणाचा असतो, चंदन त्याला आसरा देते.

कोलोन हे नाव मुळात गावाचे आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन अत्तरकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी हे सुगंधी पाणी बनवले आणि शहराचे नाव त्याला चिकटले. त्याच शहराच्या कॅथेड्रलमध्ये तीन राजांचे अवशेष 1164 सालापासून जतन केले आहेत अशी परंपरा आहे. बाळ येशूसाठी ऊद आणि गंधरस घेऊन निघालेले हेच ते तिघे. कोलोनची बाटली हातात घेताना हे आठवले तरी चालेल.

आता बेथानीला जाऊ या.

गेल्या रविवारी आपण लाजरसाचे शुभवर्तमान ऐकले. तिथे मार्था प्रभूला थोपवते, दगड काढू नका, चार दिवस झाले आहेत, आता घाण येत असेल. संत योहान हे लिहिताना संकोचत नाही. आणि पुढच्याच अध्यायात त्याच गावात जेवण चालू आहे, लाजरस पंगतीला बसला आहे, आणि मरीया जटामांसीचे तेल प्रभूच्या पायांना लावते तेव्हा सगळे घर सुगंधाने भरून जाते. एका अध्यायात प्रेताची दुर्गंधी, दुसऱ्यात तेलाचा परिमळ. मधे आहे तो फक्त प्रभू.

जटामांसी हिमालयात होते. तिच्या मुळांपासून तेल काढतात. म्हणजे बेथानीच्या त्या घरातला सुगंध बहुधा आपल्याच देशाच्या बाजूने उंटांवरून आणि गलबतांतून गेलेला. हे तेल दाट आणि गडद वासाचे, सहज न उडणारे. मरीयेने ते रोमी शेराच्या मापाने, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम ओतले. कानामागे थेंब लावणाऱ्यांनी जरा कल्पना करावी! मग तिने ते पाय आपल्या केसांनी पुसले. केसांत वास किती टिकतो हे वर सांगितलेच. त्या रात्री ती घरी झोपली असेल तेव्हा तिच्या उशीला, दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली असेल तेव्हा तिच्या पदराला तोच वास असेल. तिने प्रभूला जे दिले ते तिच्याकडेही उरले. आणि कोण जाणे, अटकेच्या रात्री बागेतही प्रभूच्या पायांना त्याचा थोडा अंश असेल. शुभवर्तमान हे सांगत नाही, पण मला तसे वाटते.

यहूदाचा हिशेब चोख होता. तीनशे दिनार! एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आजच्या रोजाने गुणून पाहा, भट्टीवरच्या माणसाची जवळजवळ वर्षाची कमाई होते. हे पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे त्याने विचारले. योहान लगेच सांगतो की त्याला गरिबांची काळजी नव्हती, थैली त्याच्याकडे असे. तरी प्रश्न खोटा ठरत नाही, फक्त विचारणारा खोटा ठरतो. गरीब नेहमी तुमच्याजवळ असतील, या अर्थाचे प्रभूचे उत्तर ऐकून काही जण सुटकेचा श्वास सोडतात. पण प्रभू तिथे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवत आहे, आणि तिथे त्याच वचनात पुढे हात मोकळा सोडण्याची आज्ञा आहे.

आता आपल्याकडचे.

सुगंध टिकवण्याची पहिली पायरी मी सांगितली ती आंघोळ. लिहिताना माझी लेखणी तिथेच अडली. भातसा आणि तानसा आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी 1892 सालापासून मुंबईला जाते. मुरबाडकडची गावे बारवी धरणाखाली गेली आणि ते पाणी कारखान्यांना व शहरांना मिळते. मुंबईतला माणूस सकाळी नळ सोडून आंघोळ करतो आणि वर सेंट मारतो, ते आपल्या डोंगरातले पाणी असते. आणि इथे उन्हाळा लागला की पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, बायका हंडे घेऊन उतरणी उतरतात. ज्या घरात प्यायला दोन हंडे आहेत, तिथे अंग धुवायला किती येणार?

हे सांगण्याचे कारण आहे. दिवाळीनंतर आपल्या भागातल्या वीटभट्ट्यांवर जी आदिवासी कुटुंबे येतात, त्यांत काही आपल्याच श्रद्धेची आहेत. रविवारी ती चालत मिस्सेला येतात. त्यांच्या अंगाला धुराचा, जळलेल्या तुसाचा आणि घामाचा वास असतो. ती मागच्या बाकावर बसतात आणि त्यांच्या पुढचा बाक रिकामा राहतो. कोणी काही बोलत नाही, पण बाक रिकामा राहतो. एका सद्गृहस्थांनी तर मला सुचवले, "फादर, त्यांच्यासाठी दुपारची वेगळी मिस्सा ठेवली तर?" माणूस वाईट नाही, दानधर्मात पुढे असतो. मी नाही म्हटले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांट हा जर्मन विचारवंत वाचावा लागला. 1790 सालच्या त्याच्या ग्रंथात एक गमतीदार तक्रार आहे. खिशातून सुगंधी रुमाल काढणारा माणूस आजूबाजूच्या सगळ्यांना त्यांची इच्छा नसताना तो वास घ्यायला लावतो, असे तो म्हणतो. डोळे मिटता येतात, श्वास थांबवता येत नाही. खरे आहे, आणि म्हणून लग्नात अर्धी बाटली ओतून येणाऱ्यांनी थोडा विचार करावा, गर्दीत म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो. पण कांटच्या लक्षात न आलेली दुसरी बाजूही आहे. वास आपल्याला न विचारता शेजाऱ्याशी जोडतो. शेजारी काय काम करतो, त्याच्या चुलीत काय जळते, त्याला पाणी मिळते की नाही, हे नाकाला आधी कळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या ख्रिस्मा मिस्सेत धर्मगुरूंना सांगितले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. हे आम्हा धर्मगुरूंना सांगितले खरे, पण बाकावर बसणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायची राहिली. बऱ्याचदा वास उडालेला नसतोच. आपल्या नाकाला त्याची सवय होते आणि तो आपल्याला जाणवेनासा होतो. शेजाऱ्याला तो येतच असतो. म्हणून पुन्हा पुन्हा फवारू नये, दुसऱ्याला विचारावे. धर्मग्रामाचेही तसेच असते. आपल्या चर्चचा वास आपल्याला येत नाही. पहिल्यांदा आत येणाऱ्याला येतो, रिकाम्या बाकासकट.

तुमच्या प्रत्येकाच्या माथ्याला स्नानसंस्काराच्या दिवशी ख्रिस्मा लावलेला आहे. ऑलिव्हच्या तेलात बाल्सम हे सुगंधी द्रव्य मिसळून बिशप पवित्र सप्ताहात ते आशीर्वादित करतात. तीन पवित्र तेलांपैकी सुगंध फक्त यातच घालतात. तेच बाल्सम, तेच तेल श्रीमंताच्या बाळालाही आणि भट्टीवर जन्मलेल्या बाळालाही. संत पौल करिंथकरांना लिहितो की आपण देवाजवळ ख्रिस्ताचा सुवास आहोत. तो हे सगळ्यांना मिळून म्हणतो.

बेथानीच्या जेवणानंतर थोड्याच दिवसांनी प्रभूने स्वतः घंगाळे घेतले आणि शिष्यांचे पाय धुतले. मरीयेने तेल लावले, त्याने पाणी घेतले. दोन्ही वेळा पायच.

पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीसाठी यंदा बारा जणांपैकी सहा जण भट्टीवरचे आणि पाड्यांवरचे असतील. 2016 सालापासून या विधीत स्त्रियांनाही घेता येते, तेव्हा त्यांत तीन बायका असाव्यात अशी इच्छा आहे. नावे बुधवारी सकाळच्या मिस्सेपर्यंत माझ्याकडे द्यावीत. त्या संध्याकाळी पुढचे दोन बाक त्यांच्यासाठी राखले आहेत. त्यांच्या शेजारी बसण्यासाठी युवक मंडळाच्या मुलांनी अर्धा तास आधी यावे. चर्चच्या टाकीत पाणी कमी आहे. ज्यांच्या बोअरला अजून पाणी आहे, त्यांनी गुरुवारी येताना एकेक कळशी भरून आणावी.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू