बारामती ते इंदापूर, एकेकाला सोबत घेऊन

डोळे मिटायची गरज नाही. पाठ टेकवून बसा आणि श्वास आपल्या चालीनं चालू द्या. आज मनानं बारामतीहून इंदापूरला जायचं आहे. अंतर पन्नासएक किलोमीटर, पण एसटीनं नव्हे, पायी. वाट ठाऊक असलेलीच आहे. आषाढात तुकोबांची पालखी जाते तीच: काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि इंदापूर. सोबत घ्यायची आहेत ती कॉलेजातली माणसं, जी आता नाहीत. सगळ्यांना एकदम हाक मारू नका. वाटेत जो भेटेल तो.

निघायचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या फाटकापासून. १९६२ साली अनेकान्त एज्युकेशन सोसायटीनं ते सुरू केलं. त्याआधी मॅट्रिकनंतर शिकायचं म्हणजे बहुधा पुणं गाठायचं. तिथली खोली, खाणावळ, महिन्याचा खर्च हे सगळं पेलणारी घरं थोडी होती, आणि मुलीला पाठवणारी त्याहून थोडी. पहिल्या वर्षी जी मुलं-मुली त्या वर्गात बसली त्यांतली आज जी हयात आहेत, ती ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे. त्यांना शिकवणारे तेव्हा स्वतःच पंचविशी-तिशीचे होते. त्यांच्यापैकी किती उरले असतील, याचा हिशोब आता नको. एकच चेहरा घ्या. तुमच्या वेळचा, कुठल्याही सालातला.

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी एखादे सर किंवा मॅडम येतात. येऊ द्या. पण त्यांचा हार घातलेला फोटो बाजूला ठेवा. शोकसभेतली वाक्यंही ठेवा. 'मनमिळाऊ', 'विद्यार्थिप्रिय', 'शिस्तीचे भोक्ते' ही विशेषणं आपण इतक्या जणांना वाटली आहेत की त्यांतून कुणीच ओळखू येत नाही. माझं मत विचाराल तर शोकसभेतली दोन मिनिटांची शांतता त्या भाषणांपेक्षा खरी असते, फक्त ती फार लवकर संपते. आज ती संपवायची घाई नाही. सर वर्गात शिरले की आधी काय करायचे? खिडकी उघडायचे, की हजेरीचा कॅटलॉग टेबलावर आपटायचे? खडू पुरा वापरायचे, की मोडून अर्धा? चिडल्यावर आवाज चढायचा, की उलट खाली यायचा? एवढंच आठवा आणि तिथे थांबा. चुकीचं आठवलं तरी चालेल.

आता ऑफिसच्या खिडकीपाशी या. ही खिडकी मला वर्गाहून मोठी वाटते. ईबीसीच्या सवलतीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला अजून मिळालेला नाही, आणि आतला क्लार्क मान वर न करता म्हणतो, "फॉर्म ठेवून जा, दाखला उद्या आण." त्या एका वाक्यावर कुणाचं वर्ष वाचलं, कुणाची पदवी झाली, पुढे नोकरी लागली. निरोप समारंभात त्याला शाल-श्रीफळ मिळालं असेल, पण या वाक्याबद्दल कुणी बोललं नसेल. तुमच्या खिडकीत कोण होतं? तो चेहरा येईपर्यंत थांबा.

प्रयोगशाळेतला माणूस राहिलाच. किप्सच्या उपकरणाचा कुजक्या अंड्यासारखा वास अंगात मुरलेला, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाची पाठ वळली की नुसत्या भुवईनं कुठलं सॉल्ट आहे ते सुचवणारा. नियमात न बसणारी ही भुवई स्मरणात यायला हरकत नसावी.

चाल ठेवा. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. तिथे पोचलात की जिरायती पट्ट्यातून आलेली मुलं आठवा. याच तालुक्यात नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ पासून पाणी आहे, आणि कालव्यापासून लांब असलेल्या गावांत पावसाळाही कोरडा जातो. दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसायची. १९७२ च्या दुष्काळात कुणाच्या घरचे खडी फोडायला गेले होते, सुकडी खाऊन दिवस काढत होते. घरचा डबा एसटीनं यायचा, स्टँडवरून तो आणायला जायचं, आणि उघडला की झाकणाखाली दडलेली गरिबी शेजारच्याला दिसायची. त्याबद्दल एक अक्षर न बोलता ज्यानं आपली भाजी पुढे सरकवली, तो आज असेल किंवा नसेल. नसेल, तर आज तुमच्या बरोबर आहे.

सणसरला, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या बाजूला, वाट अवघड होते. इथले कित्येक माजी विद्यार्थी कारखान्यात लागले, शेतीत उतरले, याच रस्त्यावर रोज ये-जा करू लागले. गळीत हंगामात अंधारात उभ्या असलेल्या, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीनं या भागातली किती तरुण पोरं नेली, हे गावोगावच्या चौकातल्या फ्लेक्सवरून कळतं. फ्लेक्सवर चेहरा गॉगल लावलेला असतो. कॉलेजात तो तसा नव्हता. मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढायचा. इथे जरा जास्त वेळ लागेल. लागू द्या.

बेलवाडीला गोल रिंगण होतं. घोडा धावतो आणि बाकीचे कडेनं उभे असतात. तुम्हीही उभे राहा. इथे एक कठीण काम करायचं आहे. ज्यांनी आपल्याला दुखावलं आणि जे गेले, त्यांना आठवायचं आहे. भर वर्गात जातीवरून किंवा इंग्रजी उच्चारावरून हसलेला माणूस मेला म्हणून चांगला होत नाही. आणि ज्यांना आपण दुखावलं, त्यांनाही आठवायचं आहे. ज्यांच्या पुढाकारानं बारामतीचं हे कॉलेज उभं राहिलं, त्या जैन समाजात पर्युषण संपताना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून क्षमा मागतात. भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात ही क्षमा, आणि लागलीच वद्य पक्षात पितरांचा पंधरवडा. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. महालयाच्या श्राद्धात तर आई-वडील, आजोबा-पणजोबांपाठोपाठ गुरूचं, मित्राचं आणि शिष्याचंही नाव घेता येतं. गुरूनं शिष्यासाठी पाणी सोडायची वेळ येते, हे ती यादी करणाऱ्यांना माहीत होतं. मन तयार असेल तर क्षमा मागा. नसेल तर पुढे चला, जबरदस्ती नाही.

निमगाव केतकीपर्यंत पाय दुखायला लागतात. २०२० आणि २०२१ मध्ये गेलेल्यांना इथे सोबत घ्या. त्यांना खांदा मिळाला नाही, दहाव्याला माणसं जमली नाहीत, कॉलेज बंद असल्यामुळे शोकसभाही झाली नाही. बातमी मोबाइलवर आली. आपण हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि त्याच बोटानं पुढचा मेसेज उघडला. त्यांच्यापैकी एकासाठी आता उभे राहा. खरोखरच उठून. गुडघे धरत असतील तर बसूनच ताठ व्हा. दोन मिनिटांचं बंधन नाही.

इंदापूर आलं. मालोजीराजांच्या गढीचं गाव, आणि आता कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालयाचंही. इथे आलेल्या काही मुलांच्या घरी आणखी एक गोष्ट घडली होती. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर येतं. तिथली जी माणसं धरणाआधी बारामतीला शिकून गेली, त्यांच्या प्रवेश अर्जावर मूळ गावाचा पत्ता आहे. माणूस गेला, गावही पाण्याखाली गेलं, पण अर्ज कुठल्या तरी कपाटात असेल. असा कुणी तुमच्या ओळखीचा होता का? त्याचं घर कसं होतं, हे त्यानं कधी सांगितलं होतं का?

आता मुक्काम. सोबत कितीजण झाले ते मोजू नका. एकाचं नाव मात्र अडलं असेल. बहुधा शिपायाचं, घंटा देणाऱ्याचं. आपण त्यांना नुसतं 'मामा' म्हणायचो, आडनाव विचारलंच नाही. ते शोधायचं आहे, आणि एकट्यानं बसून ते आठवणार नाही. तेव्हा उठा, फोन घ्या आणि वर्गातल्या जुन्या मित्राला लावा. तो विचारेल, "अरे, एवढ्या वर्षांनी? बरंय ना सगळं?" म्हणा, बरंय. मग मामांचं विचारा. तो एक आडनाव सांगेल, तुम्हाला ते पटणार नाही. तो म्हणेल, त्यांची सायकल हिरवी होती. तुम्हाला काळी आठवत असेल. मग तो म्हणेल, थांब, वहिनींना विचारतो, त्या मामांच्याच गावच्या.