आधीच मिळालेली जागा

सतरा वर्षांच्या मुलीला ‘तुझी जागा ठरली’ असं तीन-चार वर्षं आधीच सांगून टाकावं का? कॅन्ससमधल्या माझ्या दवाखान्यात शनिवारी मदतीला येणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाला ना कुणाला दर वर्षी शिफारसपत्र हवं असतं, आणि ते लिहायला बसलं की हा प्रश्न आडवा येतो.

अमेरिकेत पशुवैद्यक व्हायचं तर आधी कॉलेजात जीवशास्त्र, सेंद्रिय रसायन, जीवरसायन, भौतिकशास्त्र असे ठरावीक विषय पुरे करायचे आणि मग चार वर्षांच्या डीव्हीएमसाठी सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं. ‘अर्ली ॲडमिशन’मध्ये हा क्रम उलटतो. कॅन्सस स्टेट, मिसिसिपी स्टेट अशी विद्यापीठं हायस्कूल संपवणाऱ्या मुलांमधूनच काहींना निवडतात आणि त्यांची डीव्हीएमची जागा राखून ठेवतात. अट एवढीच की गुणांची सरासरी ठरलेल्या रेषेखाली जायला नको आणि जनावरांमधलं काम सुटायला नको.

यंदा पत्र मागणारी मुलगी फ्लिंट हिल्समधल्या गुरं पाळणाऱ्या घरातली. तिचे वडील एकदा कालवड दाखवायला आले असताना मला म्हणाले, “डॉक्टर, पोरीनं अजून काही कमावलेलं नाही. न कमावलेलं हातात ठेवलं तर ती कमावेल कशाला?” माणूस सरळ आहे, मेथडिस्ट चर्चला नेमानं जाणारा. त्याला वाटलं तो प्रवेशाविषयी बोलतोय. मला मात्र त्यात धर्मशास्त्रातला फार जुना प्रश्न ऐकू आला: कृपा आधी की पात्रता आधी?

रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत याच प्रश्नावरून दोन पंथ झाले. वडकलै म्हणतात, जीव माकडाच्या पिलासारखा आहे. आई उडी मारते तेव्हा पिलानं स्वतः तिला घट्ट धरायला हवं. तेनकलै म्हणतात, जीव मांजराच्या पिलासारखा आहे. आई त्याला मानगुटीला धरून हवं तिथं नेते, पिलानं काही करायचं नसतं. एका बाजूला वेदान्त देशिक, दुसऱ्या बाजूला पिळ्ळै लोकाचार्य. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ही नावं आपल्याकडच्या कीर्तनातही ऐकू येतात. मी लहानपणी ती आजोबांकडून ऐकली तेव्हा मला मांजराची बाजू आवडली होती, कारण ती सोपी वाटली होती.

पुढं दोन्ही पिलं हातात घेण्याचाच धंदा पत्करला, आणि आचार्यांच्या दृष्टान्तात आणखी काही दिसायला लागलं. मांजरी पिलाला मानगुटीला धरते तेव्हा पिलू नुसतं लोंबकळत नाही. ते मागचे पाय पोटाशी ओढून घेतं, शेपूट आत वळवतं, अंग सैल सोडतं आणि ओरडणं थांबवतं. ते वळवळत राहिलं तर आईला दोन पावलंही नेता येणार नाही. म्हणजे नेलं जाण्यातसुद्धा पिलाचा वाटा आहे. आणि माकडिणीचं बघा. पिलू जन्मल्यापासून आईच्या पोटाचे केस मुठीत धरतं हे खरं, पण ती पकड त्याला कुणी शिकवलेली नसते, ती घेऊनच ते येतं. शिवाय पहिल्या दिवसांत पकड ढिली असेल तर आई चालताना एक हात पिलाखाली धरते. धरणाऱ्यालाही कुणीतरी धरलेलं असतं. मला तर वाटतं, दोन्ही आचार्य एकाच सत्याची दोन टोकं हातात धरून होते.

त्या शेतकऱ्याला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याच्याच घरातलं सांगितलं. मेथडिस्ट पंथ ज्यांच्या शिकवणीतून उभा राहिला ते जॉन वेस्ली अठराव्या शतकात हेच सांगत होते, की माणूस देवाकडं वळण्याआधीच कृपा त्याच्यापर्यंत पोचलेली असते. वळण्याची ताकद तीच देते, आणि तरीही माणूस तिला नाही म्हणू शकतो. कॅल्व्हिनच्या मतात हा नकार बसत नाही. निवडलेल्याला निवड टाळता येत नाही. वेस्लींनी ती मोकळीक राखली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “म्हणजे पोरगी नाही म्हणू शकते?” म्हटलं, हो, म्हणू शकते. आणि या योजनेचं बरं-वाईट तिथंच ठरतं.

कारण इथं वचन कुणी दिलंय ते नीट पाहायला हवं. लोक समजतात मुलीनं आयुष्य बांधून दिलं. खरं तर स्वतःला बांधून घेतलंय महाविद्यालयानं. मुलगी दोन वर्षांनी म्हणाली, मला भूगर्भशास्त्र शिकायचंय, तर तिला कुणी अडवत नाही. याउलट कॅन्सस राज्याचीच दुसरी एक योजना आहे, 2006 साली सुरू झालेली. तिच्यात पशुवैद्यकाचं शिक्षण घेणारे विद्यार्थी ग्रामीण काउंटीत चार वर्षं काम करण्याचं कबूल करतात आणि राज्य त्यांच्या कर्जाचा मोठा भाग उचलतं. ते खरं बंधन आहे, आणि ते घेणारे डीव्हीएमपर्यंत पोचलेले, जाणते असतात. सतरा वर्षांच्या मुलीकडून तसं काही लिहून घेतलं असतं तर मी शिफारसपत्रावर सही केली नसती.

तिला या कामातलं काय माहीत आहे? बरंच माहीत आहे, पण सगळं नाही. गेल्या मार्चमध्ये एका पहिलारू कालवडीचं वासरू अडलं होतं. पुढचे दोन्ही पाय बाहेर, मान मागं वळलेली. मी वासराला आत ढकलून, जबड्यात बोटं अडकवून मान सरळ केली. साखळ्या तिच्या हातात होत्या. मी सांगेन तेव्हाच, कळ येईल तेव्हाच आणि एका वेळी एकच पाय ओढायचा, हे तिनं अचूक पाळलं. वासरू बाहेर आलं ते निपचित. मी नाका-तोंडातला चिकटा काढेपर्यंत तिनं वासराला पोटावर बसवून घेतलं होतं आणि वाळल्या गवताची काडी त्याच्या नाकपुडीत फिरवायला सुरुवात केली होती. वासरू शिंकलं, आणि श्वास सुरू झाला.

हे तिला येतं. पण बरी होऊ शकणारी कुत्री केवळ मालकाकडं पैसे नाहीत म्हणून कायमची झोपवावी लागते, त्या दिवशी घरी जाऊन जेवायचं कसं, हे तिला माहीत नाही. 2019 साली इथं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1979 ते 2015 या काळातले पशुवैद्यकांचे मृत्यू तपासले होते. स्त्री पशुवैद्यकांमधलं आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांच्या साडेतीन पट निघालं. हा आकडा मी तिला आणि तिच्या आईवडिलांना समोर बसवून सांगितला. न सांगता पत्र लिहिणं मला पाप वाटलं असतं.

एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो. ज्यांच्या घरी गुरं आहेत, ज्यांच्या गावात दवाखाना आहे, त्यांनाच सतराव्या वर्षी ही हाक ऐकू येते. बाकीच्यांचं काय? मी स्वतः त्या बाकीच्यांतली. परळच्या 1886 साली सुरू झालेल्या बॉम्बे व्हेटरनरी कॉलेजात मी गेले ती मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला म्हणून. वर्गातल्या कितीतरी जणांचं तसंच होतं, आणि आज नीटच्या यादीतून येणाऱ्या कितीतरी मुलांचंही तसंच आहे. मला कुणी निवडलं नव्हतं, यादीनं ढकललं होतं. शेजारच्या बाई साकरबाई रुग्णालयाच्या आवारात व्हिक्टोरियाचा एक घोडा पोटशूळानं तळमळत होता. तो लोळू नये म्हणून त्याला रात्रभर फिरवत ठेवलं, पहाटे त्यानं लीद टाकली, आणि तेव्हा मला कळलं की आपण योग्य जागी आलो आहोत. कृपा उशिरा आली म्हणून ती कमी अस्सल नव्हती. म्हणून आधी राखायच्या जागा थोड्याच असाव्यात आणि मोठं दार उशिरा येणाऱ्यांसाठी उघडं असावं.

तेवढं सांभाळलं तर ही योजना मला न्याय्य वाटते. पात्रता सिद्ध करण्याच्या धास्तीत शिकणारं मूल फक्त गुण मिळवतं. ज्याला कुणीतरी आधीच आपलं म्हटलंय ते एखादी भाषा, थोडा इतिहास, थोडं तत्त्वज्ञानही वाचू शकतं, आणि मरणाशी रोज गाठ पडणाऱ्या धंद्यात त्याची फार गरज पडते. अट असावी, पण टांगत्या तलवारीसारखी नको. एका सत्रात घर कोसळलं, मूल आजारी पडलं, गुण घसरले, तर महाविद्यालयानं विचारपूस करावी आणि मगच जागेचा निर्णय घ्यावा.

इथल्या मराठी आईबापांचे मला हल्ली फोन येतात: आमच्या मुलीला असं आधीच कुठं घेतील का? घेतील, जरूर अर्ज करा. पण जागा मिळाली तर त्याच दिवशी तिला जवळ बसवून सांगा, की ही परत करावीशी वाटली तर बेलाशक कर, आम्ही रागावणार नाही. आणि मग तो शब्द पाळा.